दर अठ्ठावीस दिवसांनी

मी जळगावच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आठवी-नववीच्या मुलींसाठी वर्षातून चार खास तास असतात, ते गेली नऊ-दहा वर्षं माझ्याकडे आहेत. वयात येताना शरीर कसं बदलतं, मन उगाच चिडचिडं का होतं, पाळी म्हणजे काय, कुठल्या गोष्टीला घाबरायचं आणि कुठल्या नाही, हे सगळं मी सांगते. त्यासाठी दोन प्रशिक्षणंही केली आहेत. शेवटच्या तासाचं शेवटचं वाक्य माझं ठरलेलं असायचं. "काहीही झालं तरी सगळ्यात आधी आईला सांगायचं." मुली माना डोलवायच्या. माझी मुलगी त्याच शाळेत दहावीला होती, आणि त्या हिवाळ्यात मी घरी तिच्या कचऱ्याच्या पिशव्या उघडून बघत होते.

सुरुवात भिंतीवरच्या कॅलेंडरपासून झाली. डिसेंबर संपत आला होता. शाळेतून नवीन कॅलेंडर मिळालं होतं आणि जुन्यावरच्या खुणा मी त्यावर उतरवत होते. गॅसचा नंबर कधी लावला, कुणाचं लग्न, कुणाची मुंज. त्यातच माझ्या पाळीच्या तारखांना निळा ठिपका आणि मुलीच्या तारखांना हिरवा. ती येऊन "मम्मी, आली" एवढंच म्हणायची, मी ठिपका द्यायचे. त्या दिवशी मी पहिल्यांदाच वर्षभराचे हिरवे ठिपके एका नजरेत पाहिले. प्रत्येक ठिपका बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी होता. ऑगस्टमध्ये तिला टायफॉइड झाला, पंधरा दिवस ती पेज आणि सलाईनवर होती, तेव्हाही एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही.

पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. माझ्या मुलीची तब्येत घड्याळासारखी आहे. मग माझ्यातली शिक्षिका जागी झाली. पहिली काही वर्षं पाळी मागेपुढे होते, असं वर्गात फळ्यावर लिहून सांगणारी मीच होते. माझी स्वतःची चाळिशी उलटली तरी चार दिवस मागेपुढे होतेच. हिची मात्र एकदाही नाही.

मी कॅलेंडर टांगलं आणि कुणाला काही बोलले नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घंटागाडी आली तेव्हा मी पिशवी घेऊन धावत खाली गेले. पिशवी गाडीच्या पत्र्याला अडकून फाटली. वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी खाली पडली आणि उघडली. आत सॅनिटरी पॅड होतं. उघडलेलं, नीट घडी घातलेलं आणि पांढरं स्वच्छ. गाडीवरच्या बाईनं ते उचलून आत टाकलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि गाडी पुढे गेली. आदल्याच दिवशी मुलगी मला म्हणाली होती, "मम्मी, आली."

पुढचे तीन दिवस ती शाळेत गेली की मी बाथरूममधला डबा तपासत होते. दारं लावून घ्यायचे, जसं काही मीच चोरी करतेय. आणखी चार पुड्या मिळाल्या. चारही तशाच, एक डागसुद्धा नाही. घड्या इतक्या व्यवस्थित होत्या की मला तिच्या वहीच्या कव्हरांची आठवण झाली.

पाळी आलेली नसताना मुलगी ती आल्याचं नाटक का करेल? मला एकच कारण सुचलं. दुसरं सुचायला जागाच उरली नाही. वयात येणाऱ्या मुलींविषयी जे काही मी वाचलं होतं, शिकले होते, त्या सगळ्यातून माझ्या हाताला तेवढं एकच लागलं. आणि एकदा ते हाताला लागल्यावर घरातली प्रत्येक गोष्ट पुरावा झाली. ती अलीकडे ढगळ कुर्ते घालत होती. भरीत तिच्या जिवाचं, पण परवा तिनं ताट बाजूला सारलं होतं. शाळेतून आली की दुपारी झोपायची. क्लासमधला एक मुलगा गणिताच्या वह्या द्यायला-घ्यायला दोनदा आमच्या फाटकाशी येऊन गेला होता. तोवर मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता त्याच्या सायकलचा रंगसुद्धा मला आठवायला लागला.

मग मी तिचा फोन बघितला. ती आंघोळीला गेली होती, तेवढ्या वेळात. मेसेजमध्ये काही नव्हतं, अभ्यासाचे फोटो आणि मैत्रिणींच्या चेष्टा. पण तिनं काय काय शोधलं होतं ते तसंच राहिलं होतं, त्यात एक ओळ होती. "पाळी आली नाही तर काय करावे." मी फोन होता तसा, त्याच कोनात ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक तिंबायला घेतली.

मिस्टरांना मी काही सांगितलं नाही. त्यांची नोकरी चाळीसगावला. सकाळी सातची गाडी, संध्याकाळी परत येईपर्यंत आठ. आले की मुलीला हाक मारून प्रिलिमच्या तयारीबद्दल विचारायचे, ती त्यांच्याजवळ बसून सोफ्यावर हसायची. मी ओट्यापाशी उभी राहून ते हसणं ऐकायचे आणि मनात म्हणायचे, किती सफाई आहे या पोरीच्या हसण्यात.

एका संध्याकाळी मी स्कूटी घेऊन तिच्या क्लासजवळ गेले. समोर रसवंती होती, तिच्या मागे उभी राहिले. क्लास सुटला. तो सायकलवाला मुलगा तिच्याशी काहीतरी बोलला, तिनं वही दिली, दोघं हसली, तो गेला. एवढंच. पण तेवढ्यावर माझी रात्रभराची झोप गेली. दुसऱ्या दिवशी डबा भरताना ती म्हणाली,

"मम्मी, तू काल क्लासजवळ काय करत होतीस?"

"भाजी घ्यायला गेले होते."

"तिथं भाजी मिळत नाही."

"मेथी होती एका गाडीवर."

तिनं डबा दप्तरात ठेवला. "आणलीस का मेथी?" असं तिनं विचारलं नाही. पण फ्रीजकडे एकदा बघितलं. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आपण तिच्यावर पाळत ठेवतोय तशी तीही आपल्यावर ठेवतेय, आणि तिचं काम माझ्यापेक्षा चांगलं चाललंय.

शेवटी मी धुळ्याला अक्काला फोन केला. अक्का माझी मोठी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आमचं माहेर साक्रीजवळच्या एका खेड्यातलं. मी शिकून जळगावला आले आणि बोलणं बदललं, अक्का धुळ्यात तीस वर्षं राहूनही आहिराणीच बोलते. मी तिला सगळं सांगितलं. कॅलेंडर, पुड्या, फोन, सायकल.

"आधी पोरले इचार तरी," ती म्हणाली.

"विचारलं तर ती खोटं बोलेल."

"तुले कसं मालूम?"

"अक्का, पुड्या स्वच्छ आहेत. ती खोटंच बोलतेय."

तिच्या ओळखीच्या एक लेडी डॉक्टर देवपुरात होत्या. तिनं शनिवारची वेळ घेतली. जळगावात मला निम्मं गाव ओळखतं, निम्म्या डॉक्टरांच्या मुली माझ्याकडे शिकलेल्या. म्हणून धुळे. मुलीला मी सांगितलं, अक्काच्या गुडघ्याचं दुखणं वाढलंय, भेटून येऊ.

शनिवारी सकाळी आम्ही एसटीत बसलो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. ती खिडकीशी बसून इतिहासाचं पुस्तक वाचत होती. पारोळ्यानंतर तिनं पुस्तक मिटलं.

"प्रिलिम दहा दिवसांवर असताना तू मला मावशीचा गुडघा बघायला नेतेयस?"

"एका दिवसानं काय होतंय?"

"तू मला लग्नालासुद्धा जाऊ दिलं नव्हतंस मागच्या महिन्यात."

मी म्हणाले, मावशीला तुझी फार आठवण येते. तिनं पुस्तक पुन्हा उघडलं, पण पान उलटलं नाही. धुळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर मी रिक्षावाल्याला दवाखान्याचा पत्ता सांगितला तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला ते तिकडेच कुठेतरी रस्त्यात कळलं असावं.

डॉक्टर पन्नाशीच्या होत्या, शांत. मी त्यांना आदल्या दिवशी फोनवर माझी शंका सांगितली होती. त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, "मुलीशी मला एकटीला बोलू द्या." मी बाहेर बाकावर बसले. नर्सनं मुलीला एक छोटी डबी दिली, ती बाथरूमकडे गेली आणि परत आली. येताना तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी आजही कुणाला नीट सांगू शकणार नाही. रागाची नव्हती. एखाद्या अनोळखी बाईनं भर रस्त्यात अडवून आपली पिशवी तपासली तर आपण तिच्याकडे कसं बघू, तशी काहीशी होती.

अर्ध्या तासानं मला आत बोलावलं. मुलगी खुर्चीत बसली होती, भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत.

"तुम्ही जी शंका घेऊन आलात ना, तसं काहीही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तिला पाळी अजून एकदाही आलेली नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"नाही हो मॅडम. सातवीपासून येते तिला. पावणेतीन वर्षं झाली. मी तारखा..."

वाक्य मध्येच थांबलं. हिरवे ठिपके माझ्या डोळ्यांसमोर आले, एकसारख्या अंतरावर. डॉक्टर मला सावरायला वेळ देत होत्या. मग त्या म्हणाल्या की मुलीची बाकीची वाढ सुरू झालेली आहे, काही मुलींना उशीर होतो, काही रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी करून घेऊ म्हणजे मनात काही राहणार नाही. "तुमच्या घरात कुणाला उशिरा आली होती का?"

"नाही," मी ठामपणे सांगितलं. "कुणालाच नाही."

जिना उतरताना मुलगी माझ्या दोन पायऱ्या पुढे होती.

"ती डबी कशासाठी दिली होती?" तिनं न वळता विचारलं.

"साधी तपासणी असते. सगळ्यांचीच करतात."

"मम्मी, मी दहावीत आहे," ती म्हणाली. "आणि तू मला शिकवलंयस."

रिक्षा पांझरेच्या पुलावरून गेली तेव्हा आम्ही दोघी दोन बाजूंना बघत होतो. नदीत पाणी नव्हतं, म्हशी बसल्या होत्या. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं. एक भीती गेली होती आणि तिच्या जागी दोन आल्या होत्या. हिला काही आजार तर नाही? आणि ही एवढी वर्षं माझ्याशी रोज खोटं कशी बोलू शकली?

अक्का दारातच उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मुलीला थेट स्वयंपाकघरात नेलं. वांगी भाजून ठेवली होती, ती सोलायला तिनं मुलीला बसवलं आणि मला कांद्याची पात निवडायला दिली. मी हळू आवाजात डॉक्टरांनी काय सांगितलं ते बोलले. आता अक्का मुलीला रागवेल किंवा मला, असं मला वाटलं. ती पळीनं तेल सारखं करत राहिली.

"माले सतरावं सरता सरता उनी," ती म्हणाली.

मी पात खाली ठेवली. "काय आली?"

"पाळी. सतरावं वरीस सरनं तव्हय उनी माले. तू लहान व्हती, तुले काय मालूम."

"पण तू तर बाजूला बसायचीस. मला आठवतंय. ओसरीच्या कोपऱ्यात, गोधडीवर. मी तुला लांबून पाणी द्यायचे."

अक्का हसली. "मायनी बसाडं व्हतं. गावले समजाले नको. सोयरा येतस, पोर न्हाणी व्हयनी नही आशे समजनं तर कोन करी? दर महिनाले चार दिन बस, म्हणे. दोन वरीस मी उगीच बसनू."

मुलीचे हात काळ्या सालींवर थांबले होते. ती अक्काकडे बघत होती. आमची आई जाऊन बारा वर्षं झाली होती. अक्काला कुणी करून घेणार नाही या भीतीनं तिनं गावापासून लपवलं, माझ्यापासून लपवलं, आणि अक्कानं ते नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं, कारण तिच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. पुढे तिला तीन मुलं झाली.

"बठ्ठं बराबर शे तुनं," ती मुलीला म्हणाली. "येई तव्हय येई."

सगळं ठीक आहे तुझं, एवढं ऐकलं आणि मुलगी रडायला लागली. दवाखान्यात नाही, जिन्यात नाही, रिक्षात नाही. तिथं, अक्काच्या जमिनीवर बसून, वांग्याच्या हातांनी डोळे पुसता येईनात म्हणून दंडाला तोंड घासत. मी उठणार होते. अक्कानं मला हातानं थांबवलं.

जेवणानंतर अक्का पडली आणि आम्ही दोघी गच्चीवर गेलो. मिरच्या वाळत घातल्या होत्या. मी तिला विचारलं नाही, तीच बोलली, मिरच्या खालीवर करत.

सातवीची परीक्षा झाल्यावर आम्ही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या माहेरी गेलो होतो. कडुनिंबाला झोके बांधले होते, सगळ्या मामेबहिणी, मावसबहिणी जमल्या होत्या. दोघी जणी झोक्यावर चढत नव्हत्या, लांब बसून होत्या, कारण त्यांचे ते दिवस होते. त्यांचं आपसात काहीतरी गुपित चाललं होतं. मोठ्या मामींनी हिला सगळ्यांसमोर विचारलं, "तुले उनी का वं?" आणि हिच्या तोंडून "हो" निघालं. का, ते तिलाही माहीत नाही. सगळ्यांत उंच ती होती आणि एकटीच लहान ठरत होती, एवढं तिला आठवत होतं.

"मला वाटलं, तेवढ्यापुरतं. पण मामींनी तुला सांगितलं. आणि तू..."

मला आठवलं. मी किती आनंदले होते. मी काही जुन्या वळणाची आई नाही हे मला सगळ्यांना दाखवायचं होतं. जळगावला परत आल्यावर मी शिरा केला, तिला नवीन ड्रेस आणला, तिच्या पप्पांसमोर उघडपणे बोलले की यात लाजण्यासारखं काही नाही. शाळेत स्टाफरूममध्ये पेढे नेले नाहीत एवढंच. तिनं शिरा खाल्ला होता. मी कॅलेंडरवर पहिला हिरवा ठिपका दिला तेव्हा ती शेजारीच उभी होती.

"मग खरं सांगायचं राहिलंच," ती म्हणाली. "पहिल्या महिन्यात वाटलं, आता येईलच, कुणाला कळणारही नाही. मग तू विचारलंस, अजून कशी आली नाही. मग मी मोजून सांगायला लागले. अठ्ठावीस. तूच सांगितलं होतंस. आणि तू पाकिटातले पॅड मोजतेस, म्हणून ते टाकावे लागायचे."

"मी कधी मोजले?"

"मोजतेस तू, मम्मी."

खरं होतं. मोजत होते.

"मला सांगायचं होतं ग. नववीत असताना. बाकी सगळ्यांना आली आणि मलाच काहीतरी झालंय असं वाटायला लागलं. रात्री नाही, दिवसाच वाटायचं, पी.टी.च्या तासाला. पण तू वर्गात सांगतेस."

"काय सांगते?"

"माझं. आठवीच्या मुलींना तू सांगितलंस, माझी मुलगी पाचवीत असताना तिनं मला विचारलं की बाळ पोटातून तोंडावाटे येतं का. नाव नाही घेतलंस. पण शाळेला माहीत आहे ना तुझी मुलगी कोण ते. महिनाभर मला सगळे तोंडाकडे बोट करून हसायचे. हेही तू सांगितलं असतंस. एक मुलगी होती, तिला उशिरा आली, असं. चांगल्यासाठीच सांगितलं असतंस."

मी नाही म्हणणार होते. म्हटलं नाही, कारण अजून गच्चीच्या पायऱ्याही उतरले नव्हते आणि मनात कुठेतरी मी तो तास बांधायला घेतला होता. हे मी तिला कधीच सांगितलेलं नाही.

मी तिची माफी मागितली. कशाकशाची, ते नीट सांगता आलं नाही. त्या संशयाची मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे," आणि खाली गेली. ठीक नव्हतं. परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही. पुढे एक जागा होती तिथं बसली. पारोळ्याला तिच्या शेजारची बाई उतरली, जागा रिकामी झाली, तरी मी उठून तिथं गेले नाही.

मिस्टरांना मी रविवारी सगळं सांगितलं. "तीन वर्षं तिनं लपवलं, महिनाभर तू," ते म्हणाले. "या घरात मी कोण आहे?" पुढे दोन दिवस ते मुलीशी नेहमीसारखे बोलले, माझ्याशी कामापुरतं.

तपासण्यांचे रिपोर्ट आले. सगळं ठीक होतं. घरातला इतिहास सांगितल्यावर डॉक्टर म्हणाल्या, वाट बघू, आणखी काही महिन्यांत आली नाही तर पुन्हा या. मी मान डोलवली आणि घरी येऊन मनात शंका काढायला लागले. लॅब बरोबर होती ना? अक्काला सगळं नीट आठवतंय ना? एकदा तर असंही मनात आलं की मुलीनं एकटीनं आत बसून डॉक्टरांना आपल्या बाजूला वळवलं असेल. स्वतःचीच लाज वाटली, पण विचार आला तो आलाच. संशयाची एकदा सवय लागली की विषय संपला तरी ती आपली जागा सोडत नाही. मी कॅलेंडरवरचे हिरवे ठिपके खोडले नाहीत, नवीन मात्र दिले नाहीत.

फेब्रुवारीत आठवीच्या मुलींचे तास लागले. शेवटच्या तासाला मी नेहमीच्या वाक्यापाशी आले आणि वेगळं बोलले. म्हटलं, काही झालं तर ज्या मोठ्या बाईवर तुमचा विश्वास असेल तिला सांगा, मावशी असेल, आत्या असेल, शेजारची काकू असेल. मागच्या बाकावरून एका मुलीनं हात वर केला.

"मॅडम, आणि तिनं ते दुसऱ्याला सांगितलं तर?"

वर्गात कुणी हसलं नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, खरोखर उत्तर हवं असल्यासारख्या. मी म्हणाले, मग आधी तिला विचारून घ्यायचं की तू हे कुणाला सांगणार का. ती खाली बसली. तिला ते पटलं असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. मलाही पूर्ण पटलं नव्हतं.

दहावीची परीक्षा संपली आणि मुलगी म्हणाली, सुट्टीत मावशीकडे जाते. मला ते लागलं, पण मी बॅग भरून दिली. मे महिन्यात, जळगावात दुपारी कूलरसुद्धा गरम हवा फेकत होता तेव्हा, अक्काचा फोन आला. आवाज इतका साधा होता की मला वाटलं लोणच्याचं विचारते आहे.

"उनी तिले. परवदिन."

परवा. "परवा आली आणि तू आज सांगतेयस?"

"तिनी नको सांगं व्हतं. आज हो म्हणनी, मंग फोन करा."

मुलीनं परवानगी दिल्यावरच अक्कानं फोन केला होता. माझ्या तोंडून जे निघालं ते मी थांबवू शकले असते, पण थांबवलं नाही. "अक्का, तू स्वतः पाहिलंस का? खरंच आली आहे ना?"

मग अक्का म्हणाली, "आते तरी पोरवर भरोसा ठेव," आणि फोन ठेवून दिला. माझी बहीण माझ्यावर चिडून फोन ठेवते, हे आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा झालं.

मुलगी जूनमध्ये परत आली. मी शिरा केला नाही. काय करावं ते मला समजत नव्हतं, म्हणून शेवभाजी केली, ती तिला कधीही चालते. तिनं जेवता जेवता पप्पांना धुळ्याच्या कॉलेजची माहिती दिली. अकरावी सायन्स तिथं करायचं, मावशीकडे राहायचं, असं तिनं आणि अक्कानं ठरवून टाकलं होतं. जळगावात काय कॉलेजं नाहीत का, असं मी विचारलं. "आहेत," ती म्हणाली. मिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पोळी वाढली.

आता ती बारावीला आहे. दर पंधरा दिवसांनी शनिवारी येते, रविवारी जाते. मला काही गोष्टी सांगते, काही सांगत नाही. कुठल्या सांगत नाही ते मला कळत नाही, आणि हे कळत नाही याची मला अजून सवय झालेली नाही. फोनवर तिचा आवाज जरा बदलला की माझं डोकं लगेच दहा दिशांना पळतं. अक्काला विचारायचं नाही, हे मी ठरवलं आहे. दोनदा मोडलं.

मागच्या शनिवारी तिचा फोन आला की या वेळी ती येणार नाही.

"का ग?" मी विचारलं.

"आहे काहीतरी. काळजीचं नाही. पुढच्या वेळी सांगेन, नाहीतर नाही सांगणार."

मी विचारणार होते की बरोबर कोण आहे. प्रश्न जिभेवर आलेला तिलाही ऐकू गेला असावा, कारण ती थांबली होती. "बरं," मी म्हणाले. "जेवून जा." फोन ठेवल्यावर संध्याकाळपर्यंत मी घरभर फिरत होते, कपाटं आवरत होते, एकदा स्कूटीची चावीही हातात घेतली. धुळे काही स्कूटीनं जाण्याइतकं जवळ नाही. मिस्टर पेपर वाचत होते, त्यांनी डोकं वर केलं नाही, पण म्हणाले, "बस आता खाली."

मी बसले.